पायलीचे वजन : महाराष्ट्रातील धान्यमापे आणि तराजू

मराठीत 'मापणे' आणि 'तोलणे' ही दोन क्रियापदे आजच्या बोलण्यात एकमेकांच्या जागी सहज येतात. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या दोहोंत काटेकोर भेद होता आणि तो प्रत्येक शेतकऱ्याला व वाण्याला ठाऊक होता. ठरावीक पोकळीच्या भांड्यात वस्तू भरायची आणि ते भांडे किती वेळा भरले ते गणायचे, याला मापणे म्हणत. एका पारड्यात वस्तू व दुसऱ्यात वजन ठेवून दांडी समतोल करायची, याला तोलणे म्हणत. सोने, रुपे, गूळ, कापूस, हळद या वस्तू तोलल्या जात, तर धान्य मापले जाई. खळ्यावरची रास, सरकारात जाणारा धान्यरूप वसूल, बलुतेदाराचा हक्क, मजुराची मजुरी आणि घरातला रोजचा शिधा हे सारे मापाने चाले. त्यामुळे धान्य मापाऐवजी वजनाने देण्याघेण्याची रीत रूढ झाली तेव्हा ग्रामीण व्यवहाराचा पायाच हलला, आणि या स्थित्यंतराकडे मराठी इतिहासलेखनाने आजवर दिले त्याहून कितीतरी अधिक लक्ष द्यायला हवे.

धान्यमापांचे जे कोष्टक मराठी शाळांतून पिढ्यानपिढ्या पाठ करून घेतले जाई, ते दुपटीच्या पायऱ्यांनी चढणारे होते. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अधोली आणि दोन अधोल्यांची एक पायली; म्हणजे पायलीत चार शेर आणि शेरात सोळा निळवी बसत. ही दुपटीची रचना अडाणीपणाची खूण मुळीच नाही. धान्याच्या ढिगाचे नजरेने दोन सारखे वाटे करणे कोणालाही जमते, दहा सारखे वाटे करणे कोणालाच जमत नाही, आणि ज्या समाजात वाटणी खळ्यावर, उघड्यावर आणि चार जणांच्या देखत व्हायची त्या समाजाने निम्म्या-निम्म्याचे गणित स्वीकारावे हे शहाणपणाचेच होते. पायलीच्या वर मात्र कोष्टकाची एकवाक्यता संपत असे. कुठे बारा पायल्यांचा मण धरीत, कुठे सोळा पायल्यांचा. वीस मणांची खंडी सर्वत्र असली तरी पहिल्या हिशेबाने तीत २४० पायल्या, म्हणजे ९६० शेर येत आणि दुसऱ्या हिशेबाने ३२० पायल्या, म्हणजे १,२८० शेर. एकाच शब्दात एक तृतीयांशाचा फरक दडलेला असे.

या गोंधळात भर अशी की शेर, मण आणि खंडी ही तिन्ही नावे वजनालाही होती. वजनाच्या शेराचे बहात्तर टांक धरीत, म्हणून त्याच्या आठव्या भागाला नऊ टांकांचे 'नवटाक' हे नाव पडले. चाळीस शेरांचा वजनी मण होई. पण हा वजनी मणही ठिकाणागणिक बदले. मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा होता, तर बंगालमध्ये रूढ असलेला आणि पुढे सरकारमान्य झालेला मण ८२ पौंडांहून थोडा अधिक भरे. मापाचा शेर आणि वजनाचा शेर यांचा एकमेकांशी कोणताही उपजत संबंध नव्हता. एक भांड्याचे नाव होते आणि दुसरे लोखंडाच्या तुकड्याचे.

या दोन शेरांना जोडायचे कसे, हा प्रश्न वरकरणी साध्या गुणाकाराचा वाटतो, पण तसा तो नाही. पहिली अडचण धान्याच्या जातीची आहे. एक लिटर पोकळीच्या भांड्यात पाणी एक किलो मावते, गहू साधारण पाऊण किलोच्या आसपास, तांदूळ सुमारे आठशे ग्रॅम आणि टरफलासकट असलेले भात, म्हणजे साळ, साडेपाचशे ते सहाशे ग्रॅम. दाण्यांमध्ये राहणारी हवेची जागा आणि टरफलाचा फुगीरपणा यांमुळे हा फरक पडतो. याला शास्त्रीय परिभाषेत राशीची घनता म्हणता येईल, आणि ती एकाच जातीच्या धान्यातही स्थिर नसते. पोसलेला, टणक दाणा भांड्यात दाटीने बसतो आणि जड भरतो; अवर्षणात सुरकुतलेला दाणा तेवढीच जागा अडवून हलका भरतो. म्हणूनच ठरावीक मापात गहू किती वजनाचा भरतो हीच जगभरच्या गव्हाच्या बाजारात प्रतीची एक कसोटी ठरली. 'पायलीचे वजन किती' या प्रश्नाला एक उत्तर नाही. ज्वारीच्या पायलीचे वेगळे, भाताच्या पायलीचे वेगळे आणि दुष्काळी वर्षाच्या ज्वारीच्या पायलीचे आणखी वेगळे.

दुसरी अडचण शिगेची. माप काठोकाठ भरल्यावरही धान्य ओतत राहिले की काठाच्या वर शंकूच्या आकाराचा जो ढीग उभा राहतो, त्याला शीग म्हणतात. मापाचा व्यवहार दोन प्रकारचा असे : काठावरून हात किंवा काठी फिरवून वरचे धान्य उतरवले तर सपाट माप, आणि ढीग राखला तर शिगेचे माप. शीग किती राहील हे भांड्याच्या पोकळीवर अवलंबून नसते, तोंडाच्या रुंदीवर असते. ज्वारीसारख्या गोल दाण्याचा ढीग सुमारे २७ अंशांच्या उताराने उभा राहतो असे धरले, तर ज्या भांड्याची उंची त्याच्या तोंडाच्या व्यासाइतकी आहे त्याच्यावर मूळ मापाच्या बाराव्या हिश्शाएवढी शीग बसते. उंची व्यासाच्या निम्मी असेल तर शीग सहाव्या हिश्शाएवढी होते. दोन्ही भांड्यांत पाणी अगदी सारखे मावत असले तरी धान्य देताना एक भांडे दुसऱ्यापेक्षा उदार ठरते. ओतणाऱ्याने हात उंच धरला, भांडे आपटले किंवा हलवले, की दाणे आणखी दाबून बसतात आणि हिशेब पुन्हा बदलतो. तात्पर्य, मापात भांड्याइतकाच हातही मोजला जाई, आणि तो हात कोणाचा यावर देणाऱ्या-घेणाऱ्यांचे नाते ठरे.

भाषेने या साऱ्याची आठवण राखली आहे. उत्साह किंवा वाद 'शिगेला पोहोचतो' असे लिहिणाऱ्या पुष्कळांना आपण धान्याच्या मापाबद्दल बोलत आहोत याची जाणीव नसते. विपुल आणि म्हणून कवडीमोल झालेल्या गोष्टीला 'पायलीचे पन्नास' म्हणतात. नवी नवरी उंबरठ्यावर पायाने लवंडते ते तांदळांनी भरलेले 'माप' म्हणजे खरोखरचे मापाचे भांडेच होय. रास मापताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणण्याची आणि त्यापुढे दोन, तीन अशी गणना चालवण्याची रीत महाराष्ट्रात सर्वदूर होती. मोजण्याच्या क्रियेत शुभाशुभाची भावना किती खोल रुजली होती, हे या एका शब्दावरून कळते.

शिगेचा विचार भारतीय राज्यशास्त्राने फार पूर्वी केला होता. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणातील एकोणिसावा अध्याय वजने व मापे यांनाच वाहिलेला आहे, आणि त्यांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला तेथे पौतवाध्यक्ष म्हटले आहे. धान्याचे माप कोरड्या, टणक लाकडाचे असावे आणि त्यावर चतुर्थांश 'शिखा' राहावी, किंवा ती शिखा मापाच्या आतच सामावलेली असावी, असे हा ग्रंथ सांगतो. कौटिल्याची शिखा तीच मराठीची शीग. चौथा हिस्सा शीग उभी राहायची तर भांडे चांगलेच उथळ आणि रुंद तोंडाचे असले पाहिजे, हे वरच्या गणितावरून ध्यानात येते. म्हणजे शिगेचे प्रमाण ठरवून देणे म्हणजे भांड्याचा आकारच ठरवून देणे होते. मापे दर चार महिन्यांनी तपासून घ्यावीत आणि न तपासलेले माप वापरणाऱ्याला सव्वासत्तावीस पण दंड करावा, असाही नियम तेथे आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की या ग्रंथात मापाची व्याख्याच वजनाने केलेली आहे. द्रोण हे धान्याचे मोठे माप. चार कुडवांचा प्रस्थ, चार प्रस्थांचा आढक आणि चार आढकांचा द्रोण. ज्या भांड्यात दोनशे पळे वजनाचे उडीद मावतात तो द्रोण, अशी त्याची व्याख्या. पळ हे वजनाचे एकक. मात्र हा दोनशे पळांचा द्रोण राजाच्या कोठारात जमा होणाऱ्या धान्यासाठी होता. बाजारातल्या व्यवहारासाठी साडेसत्यायशी अधिक शंभर, म्हणजे १८७½ पळांचा द्रोण. सेवकांना द्यायच्या धान्यासाठी १७५ पळांचा. आणि अंतःपुराच्या वाटपासाठी १६२½ पळांचा. एकाच नावाची चार भांडी, आणि प्रत्येक पायरीला साडेबारा पळांची घट. घ्यायचे माप मोठे व द्यायचे लहान, ही तक्रार सावकाराविरुद्ध आणि वाण्याविरुद्ध गावोगाव ऐकू येत असे. ती युक्ती शास्त्रग्रंथाने राज्यासाठी उघडपणे सांगून ठेवली होती, हे वाचताना मन खिन्न होते. त्याच वेळी हेही मान्य केले पाहिजे की माप वजनाने बांधल्याशिवाय त्यातली लबाडी पकडता येत नाही, हे या ग्रंथकाराला पुरते उमगले होते.

दुसरा मार्ग भूमितीचा. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात रचलेल्या लीलावतीत आरंभीच परिभाषा दिली आहे, आणि तीत लांबी, रुंदी व उंची प्रत्येकी एक हात असलेल्या घनाला 'घनहस्त' म्हणून तेवढ्या पोकळीच्या धान्यमापाला मगधाची खारी म्हटले आहे. खारीचा सोळावा भाग द्रोण, आणि पुढे चौथ्या-चौथ्या भागाने आढक, प्रस्थ व कुडव. येथे वजनाचा आधार नाही. पोकळी लांबीवरून ठरते. पुढे युरोपात मेट्रिक पद्धतीने लिटरची व्याख्या दहा सेंटिमीटर बाजूच्या घनावरून केली, तिच्याशी या विचाराचे साम्य स्पष्ट आहे. द्रोण व प्रस्थ ही नावे व्यवहारातून गेली, पण कुडव हे नाव दक्षिण कोकणात आणि गोव्यात धान्याच्या मापाला टिकून राहिले.

याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापलेल्या मठाला दिलेल्या दानांचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. शके ११२८ च्या या लेखाचा काही भाग मराठीत आहे, आणि तो मापांच्या इतिहासाच्या दृष्टीने अनमोल आहे. तेलाच्या दर घाण्यामागे मठाला पळीभर तेल द्यावे असे त्यात नमूद आहे. शिवाय येथे जे मापले जाईल ते मठाच्या मापानेच मापावे आणि मापण्याबद्दलच्या आकाराचा निम्मा भाग मठाला व निम्मा मापणाऱ्याला मिळावा, अशीही तरतूद आहे. माप हे सत्तेचे आणि उत्पन्नाचे साधन होते, ज्याचे माप त्याची बाजारपेठ, हे तेराव्या शतकाच्या उंबरठ्यावरचा हा दगड सांगतो. मापणारा हा स्वतंत्र पेशा असल्याचेही त्यावरून दिसते. पुढच्या काळातला मापारी किंवा मापाडी तो हाच.

मराठेशाहीच्या कागदांत मापाचा व वजनाचा हिशेब वेगळा ओळखता यावा म्हणून दोन शब्द येतात : 'कैली' म्हणजे मापाने मोजलेले, आणि 'वजनी' म्हणजे तोललेले. अरबी मुळाचा 'कैली' हा शब्द आज पूर्णपणे विस्मृतीत गेला आहे, परंतु तो न ओळखता जुन्या कागदातली खंडी किलोत बदलू पाहणारा अभ्यासक हमखास फसतो. कैली खंडीचे वजन काढायला धान्याची जात, मणातल्या पायल्यांची संख्या, त्या परगण्यातल्या पायलीची पोकळी आणि शीग होती की नव्हती, या चारही गोष्टी कळाव्या लागतात. कर्जाच्या व्यवहारात या अनिश्चिततेची किंमत सर्वांत जास्त मोजावी लागे. पेरणीच्या वेळी उसने घेतलेले धान्य सुगीत सव्वापट किंवा दीडपट करून फेडण्याच्या प्रथेला वाढीदिढी म्हणत. घेताना सपाट आणि फेडताना शिगेने, असे माप पडले तर कागदावरची दिढी प्रत्यक्षात त्याहून बरीच वर जाई, आणि त्या जादा व्याजाची नोंद कोणत्याही खतात सापडत नाही. जी मापाच्या काठावर घडली आणि झाडून नेली गेली, त्या पिळवणुकीचा पुरावा इतिहासकाराने भांड्यांच्या आकारातच शोधायला हवा.

ब्रिटिश अमलात या विविधतेला हात घालण्याचे प्रयत्न लवकर सुरू झाले. कोकणाची मोजणी केलेल्या थॉमस बेस्ट जर्व्हिस या लष्करी अभियंत्याने १८३६ मध्ये हिंदुस्थानातील वजने, मापे व नाणी शास्त्रीय पायावर एकसूत्री करण्याची योजना पुस्तकरूपाने मांडली. प्रत्यक्षात मात्र आधी वजनाला स्थैर्य आले, आणि ते रुपयामुळे. १८३३ च्या बंगाल नियमाने तोळा १८० ग्रेनचा ठरला. रुपयाचे नाणेही तेवढ्याच वजनाचे असल्याने ऐंशी रुपये म्हणजे एक शेर हे सूत्र कोणालाही पडताळता येऊ लागले. नाणे खिशात, म्हणजे वजनही खिशात. अमुक गावचा मापाचा शेर इतक्या रुपये भार तांदळाचा, अशी त्याची ओळख सांगता येऊ लागली, आणि मापाला वजनाच्या भाषेत बोलते करण्याचा हा पहिला व्यापक प्रयोग म्हटला पाहिजे.

१८७१ चा वजने व धारकता-मापांचा कायदा तर त्याहून पुढे गेला होता. त्यात शेराचे वजन फ्रेंच किलोग्रॅमएवढे धरले होते, आणि मापाच्या एककाची व्याख्या अशी होती की ज्या भांड्यात एक शेर वजनाचे पाणी, त्याच्या सर्वाधिक घनतेच्या तापमानाला, मावते ते एक माप. धान्याच्या जागी पाणी आणल्याने जात, प्रत, शीग आणि हात हे चारही प्रश्न एका फटक्यात निकालात निघत होते. पाण्याला शीग नसते. या कायद्याचा पुरस्कर्ता व्हाइसरॉय लॉर्ड मेयो फेब्रुवारी १८७२ मध्ये अंदमानात मारला गेला, आणि कायदा अमलात न येता कागदावरच राहिला. भारताने किलोग्रॅम स्वीकारायला त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षे घेतली, ही खेद करण्याजोगी गोष्ट आहे. कारण त्या नव्वद वर्षांतल्या दुष्काळांत धान्य कोणी कोणत्या मापाने दिले-घेतले, हा जगण्यामरण्याचा प्रश्न होता.

दरम्यान सरकारी दप्तरांनी आपल्यापुरते रूपांतर करून टाकले. मुंबई इलाख्याच्या जिल्हा गॅझेटियरांत धान्याचे भाव रुपयाला इतके पौंड अशा रीतीने छापलेले आहेत. मूळ बाजारात पायलीने आणि शेराने विकल्या जाणाऱ्या ज्वारी-बाजरीचे भाव पौंडात येतात, तेव्हा मधे कोणीतरी मापाचे वजन केलेले असते. ते कोणत्या भांड्याने, सपाट की शिगेने, हे आकड्यांपाशी लिहिलेले नसते. दुष्काळांच्या अर्थशास्त्रीय अभ्यासांत हे आकडे आधारभूत मानले जातात, तेव्हा त्यांच्या पाठीमागचे हे न दिसणारे रूपांतर ध्यानात ठेवावे लागते.

विसाव्या शतकात पावले जलद पडली. १९१३–१४ च्या वजने-मापे समितीने १८० ग्रेनच्या तोळ्यावर आधारलेली पद्धत पुरस्कारली, १९३२ मध्ये मुंबई प्रांताचा स्वतंत्र कायदा झाला आणि १९३९ मध्ये देशभरासाठी वजनांची मानके कायद्याने ठरली. तरीही खेड्यातली पायली हलली नव्हती. मे १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाले, आणि शिधापत्रिकेवरचे धान्य वजनात मिळू लागल्यावर शहरातल्या कुटुंबांना धान्य तोलून घेण्याची सवय लागली. शेवटचा घाव दशमान पद्धतीचा. १९५६ च्या कायद्यानुसार १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने आली आणि एप्रिल १९६२ पर्यंत वजनांचे स्थित्यंतर देशभर पूर्ण झाले. धान्य किलोने आणि द्रव लिटरने, अशी नवी विभागणी झाली; तोळा ११.६६ ग्रॅम, शेर ९३३.१० ग्रॅम आणि मण ३७.३२ किलो, अशी कोष्टके दुकानोदुकानी लागली.

येथे एक चूक घडली, आणि ती आजतागायत चालत आली आहे. कोष्टकातला ९३३ ग्रॅमचा शेर हा वजनाचा शेर होता. लोकांनी तो मापाच्या शेरालाही लावला, आणि चार शेरांची पायली म्हणजे पावणेचार किलो असा हिशेब बसवला. त्या पायलीत भात आहे की हरभरा, हे विचारण्याची गरजच कोणाला उरली नाही. वजनाचे नावही सरकत गेले : सराफाच्या दुकानात तोळा आता दहा ग्रॅमचा झाला आहे, आणि भाजीवाल्याकडचा पावशेर अडीचशे ग्रॅमचा.

या बदलाबरोबर अंकगणिताची एक संपूर्ण परंपरा मावळली. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी ही अपूर्णांकांची उजळणी शाळेत मुखोद्गत करून घेतली जाई, कारण पायली, मापटे व चिपटे यांचा आणि रुपये-आणे-पै यांचा हिशेब पाव-अर्ध्याच्याच भाषेत चाले. १ एप्रिल १९५७ पासून नाणी दशमान झाली, पाठोपाठ वजने झाली, आणि औटकी पाठ करण्याचे प्रयोजनच संपले. ही हानी खरी आहे. तरीही दोन्ही पारडी तोलून पाहिली तर वजनाने लहान शेतकऱ्याला व मजुराला मापापेक्षा अधिक न्याय दिला, असाच निर्वाळा द्यावा लागतो. तराजूतही लबाडी होते, पण ती तपासणी करून सिद्ध करता येते. शिगेतली लबाडी धान्य पोत्यात पडताच नाहीशी होते. काही आठवडी बाजारांत चुरमुरे आणि रानमेवा आजही मापाने मिळतो, पण तेवढेच; धान्य तराजूवर गेले ते कायमचे.

घराच्या स्वयंपाकात मात्र माप टिकले, आणि ते योग्यच होते. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, या प्रमाणात वाटी कोणतीही असली तरी भात शिजतो, कारण दोन्ही वस्तू एकाच भांड्याने मोजलेल्या असतात. कमलाबाई ओगले यांच्या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याचे प्रमाण छापील रूपात घराघरांत नेले, आणि अंदाजपंचे सांगितल्या जाणाऱ्या पाककृतींना त्यामुळे शिस्त आली. अडचण उभी राहते ती भट्टीतल्या पदार्थांशी. केक, पाव आणि नानकटाई यांत पीठ, स्निग्ध पदार्थ, साखर आणि फुगवण्याचे द्रव्य यांचे प्रमाण थोडे ढळले तरी पदार्थ बसतो किंवा कोरडा होतो, आणि एकदा भट्टीत गेल्यावर चव पाहून सुधारणा करता येत नाही. दिवाळीपूर्वी घरचे रवा, मैदा, तूप, साखर घेऊन जवळच्या बेकरीतून बिस्किटे भाजून आणण्याची चाल महाराष्ट्रातील अनेक गावांत होती. त्या वेळी घरातली वाटी आणि बेकरीतला तराजू समोरासमोर येत, आणि भट्टीवाला आपले प्रमाण किलोवरच सांगे. पाव करणारे कारागीर पिठाचे वजन शंभर धरून पाणी, मीठ व खमीर शेकड्यात मोजतात, आणि हा हिशेब वजनाशिवाय चालतच नाही.

अमेरिकेत घरगुती भाजणीकाम कपानेच रूढ झाले, आणि तेथेही प्रश्न शिगेचाच होता. फॅनी फार्मर यांनी १८९६ च्या आपल्या बॉस्टनच्या पाकशाळेच्या पुस्तकात कप आणि चमचा सुरीने सपाट करूनच मोजावा असा आग्रह धरला. मराठीत सांगायचे तर त्यांनी शीग काढून टाकली. पण दाबून भरण्याचा प्रश्न सपाट करून सुटत नाही. अमेरिकी कप २३७ मिलिलिटरचा. चाळलेला मैदा हलक्या हाताने भरला तर त्यात ११५ ते १२५ ग्रॅम बसतो, आणि पिठाच्या डब्यात कप खुपसून भरला तर १४० ते १५०. साखर त्याच कपात सुमारे २०० ग्रॅम, आणि लोणी २२७ ग्रॅम. त्यातही ऑस्ट्रेलियाचा कप २५० मिलिलिटरचा आहे आणि जपानचा २०० मिलिलिटरचा. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत आजीच्या वाटीचे कपात आणि कपाचे ग्रॅममध्ये रूपांतर करताना या तिन्ही घोळांतून जावे लागते. पाककृती लिहिणाऱ्याने मैद्याच्या वाटीशेजारी तिचे ग्रॅम दिलेच पाहिजेत; ते न देणे म्हणजे पायली सांगून तिची पोकळी न सांगणे होय.

पोकळी न सांगितलेल्या अशा पायल्या, अधोल्या आणि मापटी अजून पुष्कळ घरांच्या माळ्यावर आहेत, आणि दरवर्षी त्यांतली कित्येक पितळेच्या भावाने मोडीत जातात. कैली खंडीत लिहिलेला वसूल, वाढीदिढीची खते आणि दुष्काळातले भाव यांचे वजन काढायला याच भांड्यांचा पुरावा लागणार आहे. म्हणून ज्यांच्या घरी असे माप असेल त्यांनी ते देऊन टाकण्यापूर्वी काठोकाठ पाण्याने भरून त्या पाण्याचे वजन करावे. जितके ग्रॅम भरतील तितके मिलिलिटर त्याची पोकळी. मग भांडे कोरडे करून ज्वारी, तांदूळ आणि मिळाल्यास भात, प्रत्येकी एकदा सपाट आणि एकदा शिगेसह भरून तोलावे, तोंडाचा व्यास व आतली उंची मोजावी, काठावर शिक्का असल्यास त्याचे छायाचित्र घ्यावे, आणि गाव व तालुक्याच्या नावासह हे आकडे जवळच्या संग्रहालयाकडे किंवा इतिहास संशोधन मंडळाकडे पोहोचवावेत.